सल्ला हवा : ५५ हजारांत लहान डर्ट बाईक. जुनी इम्पल्स घ्यावी का? आणि सांभाळायची कशी?

मळेवाला
नमस्कार मंडळी. मळा पाटण तालुक्यात. डांबरी सुटली की दोन-सव्वादोन किलोमीटर गाडीवाट, निम्मा मुरूम, निम्मी लाल माती, मधे ओढा. पावसाळ्यात ओढ्याला गुडघाभर पाणी असतं. रोज दोन फेऱ्या, आठवड्यातून एकदा कराड.
बजेट ५५ हजार, सगळं धरून. गाडी, टायर, पहिली दुरुस्ती, नावावर करणं, सगळं त्यातच. वर एक रुपया नाही, आधीच सांगतो.
समोर हिरो इम्पल्स १५० आहे, २०१२ ची, एका हातची, सांगून किंमत ४२. बघायला रविवारी जायचंय. काय काय तपासू? आणि घेतलीच तर महिन्याकाठी काय करावं लागेल? मातीतल्या गाडीची मला सवय नाही.

घाटवळण
एक्सपल्स २१० घ्या. लिक्विड कूल्ड इंजिन, सहा गिअर, २१ इंची पुढचं चाक. विषय संपला.

मळेवाला
ती दीड लाखाच्या वर आहे हो. बजेट ५५.

घाटवळण
हप्त्यावर मिळते.

स्प्लेंडरभक्त
दादा, स्प्लेंडर घ्या. मागे १८ इंची जाड गोट्यांचा टायर टाका. खेड्यापाड्यात, डोंगरात दूधवाले काय चालवतात ते बघा एकदा.

चिमटा_सैल
इम्पल्सबद्दल आधी एवढं समजून घ्या. तिचं १४९.२ सीसीचं इंजिन हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं. त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेटा, टायमिंग चेन, गास्केट या गोष्टी कराडला काय, पाटणलाही मिळतील. पार्ट नंबर जुळवून घ्यायचे एवढंच. अडचण इंजिनाबाहेरची आहे. पुढचं चोचवालं मडगार्ड, टाकीचं प्लास्टिक, मीटर, मागचा दिवा, मोनोशॉक (मागचा एकच शॉक अॅब्सॉर्बर) हे फक्त इम्पल्सचं. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. म्हणून गाडी बघताना इंजिनाला दुसरं स्थान आणि बाकी सामानाला पहिलं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

रविवारी जाताना मालकाला आधी सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय.
थंड इंजिन चालू करताना पहिल्या काही सेकंदांत निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. ते काम लहान आहे. पण रेस दिल्यावर धूर येत राहिला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे हाफ इंजिन, वरचा अर्धा भाग उघडून काम. ते पैसे किमतीतून वजा करा.
टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) हलकी टिकटिक असेल तर घाबरू नका. अगदीच मुकं इंजिन जास्त संशयास्पद, कारण टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गरम झाल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देते.
टाकीत टॉर्च मारा. गंज दिसला तर तो गाळ कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये जाऊन बसणार. सुईच्या टोकाएवढं भोक असतं ते. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की मरते.
नंतर पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश डावी-उजवी फिरवा. मधोमध कट्ट करून अडकलं तर बॉलरेसर, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलं. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं ढकला. चाक हललं तर बेअरिंग, चिमट्यासकट (मागचं चाक धरणारी दुहेरी दांडी) हललं तर चिमट्याचे बुश.
मोनोशॉकच्या दांड्याला तेल दिसलं तर तिथूनच परत फिरा. बाकी सगळ्यावर इलाज आहे, त्या शॉकवर आता सोपा इलाज नाही.

आरएक्सची_शिट्टी
चोकवर चालून मरणं वगैरे या फोर स्ट्रोकच्या कटकटी. आरएक्स १०० घ्या. ९८ सीसी, शंभर किलोच्या आसपास वजन, हेड उघडायला चार नट. काय उचलते मातीत!

घाटवळण
५५ हजारांत बरी आरएक्स? आता टाकी आणि आरसी बुकच मिळेल तेवढ्यात. बाकी गाडी ‘शौकीन लोकांनी संपर्क साधावा’वाल्या भावात जाते.

आरएक्सची_शिट्टी
हिरे स्वस्त नसतात.

नवशिक्या
ऑनलाइन १२५ सीसीच्या चिनी पिट बाईक (मातीतल्या छोट्या गाड्या) दिसतात, नव्या कोऱ्या. याच बजेटच्या आसपास. मळ्यासाठी त्या कशा? आणि घरातला १५ वर्षांचा मुलगा चालवू शकेल का?

कागदोपत्री
त्यांना नोंदणी मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी वाहन चालवता येत नाही. मळ्याच्या कुंपणाच्या आत तुम्ही राजे, गाडीवाट ओलांडून डांबरीवर आलात की गुन्हा. धागाकर्त्यांना कराडला जायचंय, सबब बाद.
पंधरा वर्षांच्या मुलाचं तर बोलूच नका. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही.

मळेवाले, आता तुमच्यासाठी. २०१२ ची गाडी म्हणजे आरसी २०२७ पर्यंत. त्यानंतर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, त्याचं शुल्क, त्यावर पर्यावरण कर, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. तेव्हा इंडिकेटर, आरसे, मडगार्ड, मूळ सायलेन्सर सगळं जागेवर हवं. चेसिस नंबर मातीने आणि गंजाने खाल्लेला नाही ना हे रविवारीच बघा. नंबर वाचता येत नसेल तर बाकी तपासायची गरज नाही.
नावावर करायला फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३०. जुनं कर्ज आरसीवर दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मालकाकडूनच घ्या, नंतर कोणी उभं करत नाही. १ एप्रिल २०१९ आधीची नोंदणी असल्याने एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षित नंबराची पाटी, मालकाने बसवली आहे का तेही विचारा. नसेल तर दुचाकीचे जीएसटीसकट ५३१ रुपये धरा.

स्प्लेंडरभक्त
स्प्लेंडरला यातलं काहीच नाही.

कागदोपत्री
स्प्लेंडरला यातलं सगळंच आहे. २०१२ ची घेतली तर तीही २०१२ चीच असते.

कोकणी_जांभा
आमच्याकडे जांभ्याची वाट. एक्सपल्स २०० बीएस४ (जुन्या प्रदूषण नियमांतली) आहे, कार्बवाली. मळेवाले, वापरलेली एक्सपल्स बघा. इम्पल्सचं पुढचं चाक १९ इंची, एक्सपल्सचं २१. दगडावरून जाताना फरक कळतो. सस्पेन्शनची चाल पुढे १९० मिमी, मागे १७०. सामान सगळीकडे.

घाटवळण
+१. म्हणजे घ्यायची तर २१०च, पण नाहीच जमत तर ४ व्हॉल्व्हवाली २००.

चिमटा_सैल
अनुमोदन. ५५ त काम उरकायचं तर बीएस४ कार्बवालीच सापडेल, तीही रंग उडालेली. पण सामानाचा प्रश्न मिटतो.

मळेवाला
एक्सपल्सला वजन किती?

कोकणी_जांभा
१५४ किलो कर्ब, म्हणजे पेट्रोल-ऑइल धरून. बीएस६ मध्ये आणखी तीन-चार वाढलं.

मळेवाला
आणि इम्पल्स १३४. ओढ्यात आडवी झाली तर एकट्याने उचलायची आहे.

घाटवळण
मग कावासाकी केएलएक्स २३०. १३९ किलो फक्त.

मळेवाला
🙏

दक्षिणद्वीप
इकडे न्यूझीलंडमध्ये मेंढपाळ आणि डेअरीवाले यामाहा एजी २०० वापरतात. शेतासाठीच बनवलेली. चेन पूर्ण बंद डब्यात, पुढे-मागे कॅरिअर, दोन्ही बाजूंना साइड स्टँड, म्हणजे उताराला गाडी कशीही तोंड करून लावा. तुमच्याकडे का बनवत नाहीत कळत नाही.
घेण्यासारखं एवढंच की उजव्या बाजूला दुसरा साइड स्टँड वेल्ड करून घ्या आणि स्टँडखाली हाताच्या पंजाएवढी जाड पत्र्याची चकती लावा. मऊ मातीत नुसता स्टँड रुतून गाडी पडते आणि पहिला बळी क्लच लिव्हरचा जातो.

स्प्लेंडरभक्त
चेन पूर्ण बंद डब्यात? नीट वाचा मंडळी. स्प्लेंडरला पहिल्यापासून तेच आहे. न्यूझीलंडला आता कळलं.

चिमटा_सैल
या एका मुद्द्यावर स्प्लेंडरभक्तांशी सहमत. उघडी चेन लाल मातीत फार लवकर संपते. पण चेनचं मरण बहुतेक वेळा मातीने नाही, चुकीच्या ताणाने येतं. मातीतल्या गाडीची चेन शहरातल्या मापाने ताणायची नसते.
कारण असं. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा अॅक्सल हे तीन बिंदू एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट होते. गाडी स्टँडवर असताना चिमटा खाली लोंबतो आणि चेन उगाच सैल दिसते. मेकॅनिक तिथे ताणून देतो. मग खड्ड्यात शॉक दबला की चेन तारेसारखी ताठ होते. आधी गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग खाते, मग त्याचं ऑइल सील, मग स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागतं आणि लोक सील बदलत बसतात.
बरोबर पद्धत : दोन माणसं गाडीवर बसवा, तीन बिंदू रेषेत येईपर्यंत. त्या अवस्थेत चेन मधोमध वरखाली १० ते १५ मिमी हललीच पाहिजे. मग माणसं उतरवा आणि स्टँडवर किती ढील दिसते ते पट्टीने मोजून चिमट्यावर पेंटने लिहून ठेवा. तोच तुमच्या गाडीचा आकडा, पुस्तकातला काहीही असो. मोजायच्या आधी चाक फिरवून चेनची सगळ्यात घट्ट जागा शोधायची, तिथेच मोजायचं.

कोकणी_जांभा
चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. स्वस्त आणि मस्त.

घाटवळण
धुळीत गिअर ऑइल म्हणजे पॉलिश पेपर. माती चिकटते आणि घासत राहते.

कोकणी_जांभा
लावून पुसायचं असतं. तेल आत रोलरमध्ये हवं, बाहेर नको. रात्री लावा, सकाळी फडक्याने कोरडी होईपर्यंत पुसा. चार महिन्यांच्या पावसात तुमचे स्प्रे एका ओढ्यात धुऊन जातात.

घाटवळण
महागडा स्प्रे नाही जात.

चिमटा_सैल
दोघेही बरोबर. पावसाळ्यात गिअर ऑइल, उन्हाळ्याच्या फुफाट्यात स्प्रे. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको, ओ-रिंगवाली चेन असेल तर अजिबातच नको.

आरएक्सची_शिट्टी
एअर फिल्टरचा डबा उघडा करून टाका, किंवा फिल्टरच काढा. गाडी मोकळी पळते.

चिमटा_सैल
मळेवाले, हे वाक्य वाचलं नाही असं समजा. मातीतल्या गाडीचं इंजिन एअर फिल्टरवर जगतं. फिल्टर नसला किंवा त्याची कड नीट बसली नसली की बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि एका उन्हाळ्यात रिंगा संपतात. तपासायची खूण : फिल्टर काढून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस आलं की धूळ फिल्टर चुकवून जाते आहे. फिल्टरच्या कडेला ग्रीसचं बारीक बोट फिरवून बसवा.
फिल्टर कागदी असेल आणि हाताला तेलकट लागत असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये दाबून धुवा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवा, मग फिल्टर ऑइल किंवा नाहीच तर इंजिन ऑइल लावून तळहातांत दाबा. पिळायचा नाही, पिळला की फाटतो. पेट्रोलने धुतला तर जोडांचा गोंद सुटतो.
तुमच्या वाटेला फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. पावसात धूळ नसते, पण ओढ्यानंतर डब्याच्या तळाची लहान रबरी टोपी काढून पाणी सोडा.

मळेवाला
हे उपयोगाचं. ओढ्याचंच विचारायचं होतं. गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडते का?

कोकणी_जांभा
कार्बवाली पडते. पाणी फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच पडते आणि लोक प्लग पुसत बसतात.
कारण नळ्या. कार्बोरेटरच्या तळातून दोन-तीन बारीक नळ्या खाली लोंबत असतात. त्यातली एक फ्लोट बाऊलला हवा देणारी. तिचं तोंड पाण्यात गेलं की बाऊलमध्ये हवा शिरत नाही, पेट्रोल उतरत नाही, इंजिन गुदमरतं. इलाज दहा-वीस रुपयांचा. हवेच्या नळीला मधे टी जोड टाका (माशांच्या टाकीचा प्लास्टिकचा चालतो), एक फाटा होता तसा खाली, दुसरा वर टाकीखाली नेऊन तिथेच मोकळा सोडा. ओव्हरफ्लोच्या नळीला हात लावू नका, ती खालीच हवी. नाहीतर फ्लोट अडकला की पेट्रोल इंजिनावर.

चिमटा_सैल
पूर्ण बुडालीच, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी गेलं, तर सेल्फ दाबायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बाहेर काढा, प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे-पुढे ढकला, प्लगच्या भोकातून पाणी उडायचं थांबेपर्यंत. सायलेन्सरमधलं पाणी काढायला गाडी मागच्या चाकावर उभी करा. बाऊलचा तळाचा स्क्रू सोडून त्यातलं पेट्रोल-पाणी काढा. फिल्टरचा डबा रिकामा करा. डिपस्टिकवर दुधी चहासारखं ऑइल दिसलं तर तसंच चालवत घरी आणू नका. ऑइल बदला, पाच मिनिटं चालू ठेवा, पुन्हा बदला. दुसऱ्यांदाचं स्वस्तातलं चालेल.
डिपस्टिक बघताना ती आट्यांत फिरवायची नाही, नुसती टेकवायची. होंडाच्या वळणाच्या इंजिनांना तसंच आहे. फिरवून बघितलं की पातळी जास्त दिसते आणि माणूस कमी ऑइलवर गाडी चालवतो.

घाटवळण
ऑइलवर ‘जासो एमए२’ लिहिलेलं बघा. पंपावर किंवा किराणा दुकानात स्कूटरचं एमबीवालं चिकटवतात. ते टाकलं की ओल्या क्लचच्या प्लेटा घसरतात आणि मेकॅनिक प्लेटा बदलायला सांगतो. टॉप गिअरला चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, ही खूण. आधी ऑइल आणि क्लच वायरची ढील बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी मोकळी चाल हवी.

चिमटा_सैल
बघा, २१० सोडली की घाटवळण साहेब किती कामाचं बोलतात.

नवशिक्या
पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान टाकलं की ताकद वाढते म्हणतात. मग मीटर चुकीचा वेग दाखवतो ना?

आरएक्सची_शिट्टी
दाखवतो. किलोमीटरही जास्त पडतात.

घाटवळण
मीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर काही फरक नाही. गिअरबॉक्समधून वेग घेणाऱ्या गाड्यांनाच फरक.

आरएक्सची_शिट्टी
फरक पडतोच.

चिमटा_सैल
स्प्रॉकेटला दात किती हे पुढच्या चाकाला कसं कळणार? असो. ताकद वाढत नाही, ओढ वाढते. १३ चे १२ केले तर आठ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये क्लच न घासता चढता येतं, हा खरा फायदा. बदल्यात कराडच्या रस्त्याला इंजिन जास्त ओरडेल आणि चेन लहान दातांवर जास्त वळून लवकर झिजेल. मळेवाल्यांना आधी आहे तेच ठेवून बघायला सांगेन.

कोकणी_जांभा
स्पोकचं कोणी बोललंच नाही. नवीन तारा किंवा आऊट काढलेलं चाक पहिल्या शंभर किलोमीटरांत सैल होतंच. दर आठवड्याला बारीक पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. टण वाजली तर ठीक, थप्प वाजली तर सैल. एका वेळी पाव फेराच, आणि एकीपाठोपाठ एक नाही, दर तिसरी-चौथी तार घेत चाकाला फेऱ्या. एकाच बाजूच्या सलग चार आवळल्या की रिम तिकडे ओढलं जातं. निप्पल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री तेलाचा थेंब.
आणि ट्यूबच्या व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून ठेवू नका. वर टोपीला टेकवून ठेवा. कमी हवेवर टायर रिमवर सरकतो, ट्यूब बरोबर ओढली जाते. नट रिमला आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून तुटतो, त्याला पंक्चर काढता येत नाही. नट वर असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला आधी दिसतो.

मळेवाला
हवा किती ठेवू?

आरएक्सची_शिट्टी
१२.

कोकणी_जांभा
१२ रिम लॉक (टायर रिमला आवळून धरणारा क्लॅम्प) लावलेल्यांसाठी. मुरमात, दगडात, साध्या ट्यूबवर १८-२० च्या खाली नको. रिम आणि दगडात ट्यूब चिमटली की सापाने चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. कराडला जाताना कंपनीच्या आकड्यावर आणा. म्हणजे पायाचा पंप आणि गेज लागेलच.

चिमटा_सैल
शेवटचं एक, फुकटातलं. ब्रेक आणि क्लच लिव्हरचे हँडलवरचे क्लॅम्प पूर्ण आवळू नका. खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि हाताने जोर लावला तर फिरतील इतपत घट्ट ठेवा. गाडी पडली की लिव्हर वळेल, मोडणार नाही. क्लचची दुसरी वायर आत्ताच पहिलीच्या शेजारून ओढून टेपने बांधून ठेवा. तुटली की दोन टोकं बदलली, काम झालं.
मागचा ड्रम ब्रेक पावसात दर महिन्याला उघडा. चिखलाची पेस्ट लायनर आणि ड्रम दोन्ही खाते. कॅमच्या पिनेला ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, जास्त लावलं तर लायनरवर येतं. आणि प्रेशर वॉशरची धार चाकाच्या बेअरिंगवर, चिमट्याच्या पिनेवर, बॉलरेसरवर कधीच नाही. बेअरिंग बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलीच घ्या.
पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं. गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा, नाहीतर पायलट जेटवर हिरवट थर.

स्प्लेंडरभक्त
एवढं सगळं वाचून दमलो. स्प्लेंडरला ऑइल बदला आणि चालवा.

मळेवाला *(सोमवार)*
गाडी बघून आलो. इंजिन थंड होतं, पहिल्या झटक्यात चालू, धूर नाही. चेसिस नंबर स्वच्छ, कर्ज नाही, एचएसआरपी बसवलेली. बॉलरेसर अडकतंय. मागचं चाक आडवं हलतं, चिमट्यासकट. टाकीत झाकणाजवळ गंज. मीटर बंद. पुढचं मडगार्ड स्क्रूने शिवलेलं. आणि मोनोशॉकच्या दांड्याला तेलाचा ओलसरपणा आहे. गळत नाही, ओलं आहे.

चिमटा_सैल
ओलं म्हणजे गळतंय. सोडून द्या. बॉलरेसर, चिमट्याचे बुश, टाकी हे सगळं आवाक्यात आहे, पण शॉक नाही.

कोकणी_जांभा
सोडा. बीएस४ एक्सपल्स शोधा, थोडं थांबा.

घाटवळण
सोडा. २१०.

कागदोपत्री
कागद चांगले आहेत हे खरं. पण २०२७ ला गाडी दाखवायला न्याल तेव्हा मीटर बंद नको.

मळेवाला *(गुरुवार)*
मंडळी, घेतली. ३४ हजारांत दिली त्याने. ४२ वरून शॉक, मीटर आणि टाकी एकेक दाखवत खाली आणली, त्यासाठी चिमटारावांचे आभार. एक्सपल्स दोन बघितल्या, एक ७० सांगत होता, दुसरीचा चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. आणि खरं सांगायचं तर १५४ किलो मला ओढ्यातून निघणार नाही. पाटणचा मेकॅनिक हंकचं इंजिन डोळे मिटून उघडतो, तेही एक कारण.
२१ हजार शिल्लक आहेत. बॉलरेसर आणि चिमट्याचे बुश टाकायला दिलेत. शॉक उघडून सील आणि तेल बदलून देणारा कोणी पुण्यात किंवा कोल्हापूरला करतो का? पुढचा टायर कुठला टाकू?

चिमटा_सैल
ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? 😀 असो, अभिनंदन.
शॉकचं दोन्ही शहरांत करतात. रेस आणि रॅलीच्या गाड्यांची कामं करणारी लहान वर्कशॉप्स शोधा, नेहमीचा मेकॅनिक ‘सील्ड आहे, उघडत नाही’ म्हणेल. सील्ड असलं तरी उघडून त्याला गॅस भरायचा व्हॉल्व्ह बसवून देतात. देण्याआधी विचारा की दांड्यावर ओरखडे असतील तर पुन्हा क्रोम करून देणार का. नुसतं नवं सील ओरखड्यावर महिनाभर टिकतं. शॉक काढाल तेव्हा स्प्रिंगची आवळणी किती आटे आहे ते मोजून ठेवा. आणि तो परत येईपर्यंत गाडी ठोकळ्यावर उभी करा, चाकावर नाही.
पुढचा टायर सोपा. ९०/९०-१९, जुन्या क्लासिक ३५० चंच माप, कुठेही मिळेल. अर्धा रस्ता अर्धी माती असा मोठ्या ठोकळ्यांचा घ्या. पूर्ण मातीचा गोट्यांचा घेतलात तर कराडच्या डांबरीवर वळणात हँडल हलकं लागतं आणि गोटे मधोमध लवकर झिजतात. मागचा ११०/९०-१७. पैसे कमी पडले तर आधी मागचा बदला, चढ तो चढतो.

कोकणी_जांभा
आधी पुढचा. घसरल्यावर मागचा सावरता येतो, पुढचा नाही.

चिमटा_सैल
चढावर मागचा फिरला तर पुढच्याचं काय करणार?

स्प्लेंडरभक्त
आणि या सगळ्यात खताचं ४५ किलोचं पोतं आणि दुधाचा कॅन कुठे बांधणार? इम्पल्सच्या शेपटीवर?

मळेवाला
कॅन आणि पोतं भावाच्या गाडीवर येतं.

स्प्लेंडरभक्त
कुठली गाडी?

मळेवाला
स्प्लेंडर.

घाटवळण
😂

नवशिक्या
माझ्याकडे मागचा नवा टायर आहे, १२०/८०-१८, गोट्यांचा. निम्म्या किमतीत देतो. मळेवाले, घेणार का?

कोकणी_जांभा
त्यांचं चाक १७ आहे हो. मला द्या.